मॅग्नमचा ब्रेक आणि कुत्रीचा उजवा कान

जर्मनीत आवाज कमी करायला परवाना लागतो आणि वाढवायला लागत नाही, हे मला आमच्या घरमालकांमुळे कळलं. निदान त्या वर्षांत, शिकारीच्या बंदुकीच्या बाबतीत, असंच होतं. नळीवर आवाज दाबणारा सायलेन्सर लावायचा तर सरकारी कचेरीत अर्ज करा, तो का हवा ते पटवून द्या, नकार आला तर पुन्हा अर्ज करा. उलट नळीच्या तोंडावर ब्रेक बसवायचा, ज्यानं मुळातच कानठळ्या बसवणारा आवाज आणखी वाढतो, तर दुकानात जा, आवडेल तो निवडा आणि पिशवीत घालून घरी या. ज्या देशात रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी घड्याळ बघत दार वाजवतो, त्या देशाचा हा कायदा.

दार वाजवणारे शेजारी म्हणजे आमचे घरमालकच. ते खाली राहायचे, आम्ही वर. उंटरश्लाइसहाइम गावातल्या माझ्या ऑफिसपासून घर सायकलच्या अंतरावर होतं आणि मुलगी येना शहरात शिकायला गेल्यापासून वरच्या मजल्यावर मी आणि बायको एवढेच उरलो होतो. खाली ते आणि त्यांची तपकिरी कुत्री. नगरपालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, पत्नी जाऊन काही वर्षं झालेली.

आमची ओळख भांडणानं झाली. एका रविवारी बायकोनं मिक्सरवर खोबऱ्याची चटणी वाटली आणि ते जिना चढून वर आले. "रूहेत्साइट!" म्हणाले. म्हणजे शांततेची वेळ. माझं काम गिअरबॉक्सचे आवाज आणि कंपनं मोजण्याचं. पुढच्या रविवारी मी ऑफिसमधला मीटर आणला, त्यांच्याच सोफ्याशेजारी मांडला आणि बायकोला वर मिक्सर लावायला सांगितला. मिक्सरपेक्षा त्यांचा टीव्ही मोठा निघाला. दुसरा कुणी असता तर जन्माचा वैरी झाला असता. यांनी आकडा पाहिला, चष्मा लावून पुन्हा पाहिला, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले आणि टीव्ही बारीक केला. तेव्हापासून मी त्यांचा 'हेर इंजेनिअर', म्हणजे इंजिनियरसाहेब, झालो आणि माझा आकडा त्यांना प्रमाण झाला. अर्थात, जो आवडेल तोच.

तर शिकार. ते चाळीसएक वर्षं एकाच मंडळात शिकार करत होते. दर नोव्हेंबरात मंडळाचा मोठा हाका व्हायचा. हाकारे आणि कुत्री रानातून डुकरं उठवणार, आणि शिकारी आपापल्या ठरलेल्या मचाणावर बसून राहणार. मचाण म्हणजे पुरुषभर उंचीची उघडी लाकडी बैठक. आमच्या घरमालकांची जागा ओढ्याच्या वळणावर, रस्त्याजवळ होती आणि ती त्यांचीच, हे मंडळात सगळे जाणून होते. पण त्या वसंतात त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. त्यांची बंदूक मॅग्नम जातीची, म्हणजे काडतुसात गरजेपेक्षा जास्त दारू भरलेली आणि त्याच कारणानं लोकप्रिय. तिचा धक्का ऑपरेशन झालेल्या खांद्याला सोसेना. धक्का बसणार हे ठाऊक असल्यानं ते चाप ओढण्याआधीच डोळे मिटायचे. डोळे मिटून मारलेली गोळी कुठं जाते हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

आणि मंडळाचा प्रमुख, एक निवृत्त मुख्याध्यापक, नियमाला पक्का होता. हाक्याआधी प्रत्येकानं रेंजवर पळत्या डुकराच्या चित्रावर नेम धरून दाखवायचा. जमला नाही तर मचाण नाही.

"मग काय करतात अशा माणसाचं?" मी विचारलं.

"जेवायला बोलावतात," घरमालक म्हणाले. हाका संपल्यावर गावच्या हॉटेलात सगळ्यांचं जेवण होतं. "फक्त जेवायला." मयताला बोलावल्यासारखा आवाज काढला त्यांनी.

त्या वसंतात त्यांचा हात गळ्यात असताना कुत्रीला फिरवायचं कुणी, असा प्रश्न आला. आश्चर्य म्हणजे ते काम माझ्या बायकोनं घेतलं. पुण्यात गल्लीतलं कुत्रं दिसलं की रस्ता ओलांडणारी ही बाई. ती कुत्रीशी मराठीत बोलायची, कारण जर्मन चुकलं तर कुत्रीसमोरसुद्धा तिला संकोच वाटायचा. "चल गं बाई", "थांब जरा", "नको खाऊस ते घाणेरडं" एवढ्यावर दोघींचं भागत होतं. ही जात जखमी जनावराचा माग काढण्यासाठी पाळतात. लांब दोरीवर, नाक जमिनीला लावून, तासन्‌तास. बायकोला ते नंतर कळलं. तोवर ती कुत्रीला नुसतीच हुंगायची वाईट खोड आहे असं समजत होती.

ऑगस्टअखेरीला सासरे आले. तीन महिन्यांचा व्हिसा, दोन डबे चकल्या आणि स्वतःची कानटोपी घेऊन. ते दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले होते. तोफा बनवायच्या, तपासायच्या, उडवून पाहायच्या, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. आल्या आठवड्यातच घरमालक अंगणात बाकावर बसून नवी वस्तू न्याहाळत होते. बंदूक दुरुस्त करणाऱ्या दुकानदारानं त्यांच्या नळीच्या टोकाला आटे पाडून ब्रेक बसवून दिला होता. अंगठ्याएवढं काळं नळकांडं, दोन्ही बाजूंना तिरक्या खाचा.

सासऱ्यांनी तो हातात घेतला आणि त्यांच्या अंगात जणू पुन्हा नोकरी संचारली.

"हे तर आमच्या तोफेला असतं, जावईबापू! हुबेहूब! सांगा यांना."

मी सांगितलं. घरमालकांचा चेहरा उजळला. आपला खांदा तोफखान्याच्या तोलाचा आहे ही बातमी त्यांना नवी होती.

"आल्झो, म्हणजे ते तज्ज्ञ आहेत. त्यांना विचारा, चांगला आहे का?"

"बाबा, चांगला आहे का म्हणतात."

"चांगला? ब्रेकशिवाय तोफ म्हणजे उधळलेला बैल! घ्यायलाच हवा!"

"तोफेच्या शेजारी कुणी उभं राहतं का तेही विचारा बाबांना," बायको वरच्या गॅलरीतून म्हणाली. ती कपडे वाळत घालत होती.

"आम्ही राहायचो की," सासरे म्हणाले.

"म्हणूनच तुमच्याशी ओरडून बोलावं लागतं."

"काय?"

ब्रेकचं तत्त्व साधं आहे. गोळीच्या मागून तापलेला वायू सुसाटत बाहेर येतो. ब्रेक नसेल तर तो सरळ पुढे जातो आणि बंदूक मागे खांद्यावर आदळते. ब्रेकच्या खाचा त्याच वायूला बाजूला आणि थोडं मागे वळवतात, त्यामुळे तो जाता जाता बंदुकीला पुढे ओढतो. धक्का कमी होतो, नळी वर उसळत नाही आणि गोळी लागली की नाही ते दुर्बिणीतून दिसतं. हे सगळं खरं आहे आणि दुकानदाराच्या माहितीपत्रकात छापलेलंही होतं. त्या पत्रकात खांद्याचं चित्र होतं. कानाचं नव्हतं. वायू बाजूला आणि मागे वळला की त्याचा स्फोटही बाजूला आणि मागे येतो, आणि तिथे बहुधा माणसं असतात, ही गोष्ट छापायला जागा उरली नसावी.

मी माझ्या परीनं दुसरा उपाय सुचवला. एका संध्याकाळी हिशेब करून घरमालकांसमोर ठेवला. साडेसहा मिलिमीटरची साधी बंदूक घ्या. रानडुकराला कायद्याला जेवढी ताकद लागते तेवढी त्यात आहे. धक्का तुमच्या मॅग्नमच्या निम्म्याहून कमी. ब्रेक नको, जादा आवाज नको.

"साडेसहाची बंदूक बायका वापरतात," ते म्हणाले.

"डुकराला कळतं का, कुणी वापरली ते?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "डुकराला नाही. मंडळाला कळतं."

तेव्हा मला ब्रेकचा खरा उपयोग समजला. पेलत नाही एवढी मोठी बंदूक पुरुषांना वापरत राहता यावी, यासाठी तो असतो. माहितीपत्रकात हे एक वाक्य घातलं असतं तर खपही वाढला असता.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही रेंजवर मोजमाप केलं. चटणीचा मीटर इथे उपयोगाचा नव्हता. बंदुकीचा आवाज इतका मोठा आणि इतका क्षणिक, की असा मीटर नुसता टोक गाठून गप्प बसतो. साहेबांना विचारून मी शनिवारपुरते खास मायक्रोफोन आणले. एक घरमालकांच्या कानाशी लावला, एक शेजारच्या नेमबाजाच्या गल्लीत दीड मीटरवर, आणि बंदुकीच्या दस्त्याला धक्का मोजणारा सेन्सर चिकटवला. आधी ब्रेक काढून गोळ्या झाडल्या, मग लावून. ब्रेकसहित पहिली गोळी सुटली तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या गृहस्थाचे नेमबाजीचे कागद टेबलावरून उडाले. त्यानं ते गोळा केले, आमच्याकडे बघून मान हलवली आणि सामानसुमान घेऊन पार शेवटच्या गल्लीत गेला. जाताना एक शब्द बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा. बोलला असता तरी आम्हाला ऐकू आलं नसतं.

आकडे असे. धक्का चाळीस टक्क्यांनी कमी. मारणाऱ्याच्या कानाशी आवाज आठ डेसिबलनं जास्त. शेजारी बारा डेसिबलनं जास्त. डेसिबलमध्ये दर सहाला हवेचा दाब दुप्पट होतो, म्हणजे शेजाऱ्याच्या कानावर चौपट. बंदूक ज्याची त्याला कमी, आणि ज्याचा काही संबंध नाही त्याला जास्त. मी हे मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

घरमालकांनी पहिली ओळ वाचली. "चाळीस टक्के!" त्यांनी हे दुकानदाराला सांगितलं, मुख्याध्यापकाला सांगितलं, बेकरीत पाव घेताना सांगितलं. सासऱ्यांनी पुण्याला फोन करून सांगितलं. निम्म्या जगाला पहिली ओळ पाठ झाली.

"आणि पुढच्या ओळी?" मी विचारलं.

"मी कानाला हेडफोन लावतो," घरमालक म्हणाले. खरंच त्यांच्याकडे महागडे होते. बारीक आवाज मोठा करणारे आणि मोठा बंद करणारे. "आणि मचाणावर माझ्या शेजारी कुणी बसत नाही."

"कुत्री बसते."

"ती खाली बसते."

"हेर नाखबार," मी म्हणालो, म्हणजे शेजारीसाहेब, "आवाजाला वर-खाली कळत नाही."

"ती शिकारी कुत्री आहे," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "तिला सवय आहे."

हे सगळं मी जेवताना बायकोला सांगितलं. सकाळी तिनं वडिलांची कानटोपी घेतली आणि खाली जाऊन कुत्रीला घालून पाहिली. लोकरीची, हनुवटीखाली गुंडी असलेली, पुण्याच्या थंडीसाठी विणलेली. कुत्रीनं क्षणभर सहन केली. मग पुढच्या पंजानं ओढून काढली आणि तिच्यावर बसली. कुत्र्यांसाठी खास कर्णपट्टे मिळतात, तेही आणले. त्यांच्यावरही ती बसली. सासऱ्यांनी कापूस सुचवला. घरमालक हसत होते. म्हणाले, फ्राऊ नाखबारिन, म्हणजे शेजारीणबाई, तुम्ही तिला म्हातारी करून टाकाल.

सप्टेंबरभर त्यांनी मक्याच्या कडेला बसून डुकरं मारली. डुकरं मका खातात आणि शेतकरी भरपाई मागतो, म्हणून तिथे शिकाऱ्याला मान असतो. ब्रेकचं कौतुक त्यांच्या तोंडून संपेना, आणि खोटं कशाला बोलू, कौतुकाला कारण होतं. त्यांचे डोळे आता उघडे राहत होते. गोळ्या जिथे जायला हव्यात तिथे जात होत्या. खांदा दुखत नव्हता. गाडीच्या दाराला लांबलेली नळी दोनदा आपटली आणि दर वेळी नेम पुन्हा जुळवावा लागला, एवढीच तक्रार. कुत्री मचाणाच्या डाव्या खांबाशी, उजवा कान बंदुकीकडे करून झोपलेली असायची, तिच्या नेहमीच्या जागी.

ऑक्टोबरात एके सकाळी बायको फिरून आली ती कुत्रीचा पट्टा घट्ट धरूनच.

"अहो, हिला काहीतरी झालंय. हाक मारली की भलतीकडेच पळते."

"कुत्री आहे. केव्हा ऐकते?"

"माझं ऐकते ती. तुमच्यासारखी नाही." तिनं पट्टा माझ्या हातात दिला. "मी उजव्या बाजूला उभी होते. 'इकडे ये' म्हटलं. ती माझ्याकडे नाही, उलट्या दिशेनं धावली. रस्त्यावर. गाडीवाल्यानं ब्रेक लावला म्हणून."

मी काय समजायचं ते समजलो. आवाज कुठून आला हे दोन्ही कान मिळून ठरवतात. एकच कान चालत असेल तर सगळं जग त्याच बाजूला आहे असं वाटतं.

संध्याकाळी आम्ही सगळे अंगणात जमलो. कुत्रीचा सर्वांत आवडता आवाज म्हणजे सासऱ्यांच्या चकलीच्या डब्याचं झाकण. मी तिच्या मागे, डावीकडे उभा राहून झाकण उघडलं. ती चटकन डावीकडे वळली. चकलीचा तुकडा दिला. मग मागे, उजवीकडे जाऊन उघडलं. ती पुन्हा डावीकडे वळली आणि रिकाम्या हवेकडे बघून शेपटी हलवू लागली.

"हट्टी आहे," घरमालक म्हणाले. "ही जातच हट्टी."

"तुम्ही करून बघा," बायको म्हणाली. तिचं जर्मन तोडकंमोडकं होतं, पण हे तिनं नीट सांगितलं.

त्यांनी डबा घेतला. कुत्रीच्या उजव्या बाजूला, हाताच्या अंतरावर उभे राहून झाकण उघडलं. तिनं मालकाकडे पाठ फिरवली आणि मालकाला शोधायला लागली. त्यांनी झाकण लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. मग ते डबा हातात धरून तसेच उभे राहिले.

"तिला सवय होती," असं काहीतरी ते पुटपुटले.

सासऱ्यांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं. नेहमी आरोळ्या देऊन बोलणारा हा माणूस पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"त्यांना सांगा, सवय होत नाही. कान जातो. माझा डावा तसाच गेला. आम्हीही सवय झाली म्हणायचो."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं "तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता" असं ऐकवलेलं होतं त्यांनी घरातल्या सगळ्यांना. मी भाषांतर केलं. एकही शब्द मऊ केला नाही, कारण मऊ करण्यासारखा त्यात शब्दच नव्हता.

जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, उजवा कान जवळजवळ गेला, परत येणार नाही. डावा शाबूत आहे, तो सांभाळा. घरमालकांनी त्याच दिवशी ब्रेक पिळून काढला आणि नळीच्या आट्यांवर साधी टोपी बसवली. नेमबाजीची परीक्षा जेमतेम आठवड्यावर आली होती. ब्रेकशिवायच्या मॅग्नमनं त्यांनी रेंजवर एकदा प्रयत्न केला. डोळे पुन्हा मिटायला लागले. परत आले ते खांदा धरून. दोन दिवस खाली टीव्हीसुद्धा लागला नाही. बायको म्हणाली, "आता फक्त जेवायलाच बोलावतील हो त्यांना." तिला वाईट वाटत होतं आणि रागही होता. दोन्ही एकाच वाक्यात बसवायची तिची हातोटी आहे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. बंदुकीचं लोखंडी कपाट उघडं होतं. आतून त्यांनी एक सडपातळ, जुनी, अक्रोडी दस्त्याची बंदूक काढून टेबलावर ठेवली.

"किती मिलिमीटर?" मी विचारलं, पण मला नळीकडे बघूनच कळलं होतं.

"साडेसहा. माझ्या बायकोची." मग बंदूक रिकामी आहे ना ते तपासत, "ती माझ्यापेक्षा चांगली मारायची. मंडळात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून ही कपाटात होती."

म्हणजे मी एवढा हिशेब करून जी बंदूक सुचवली होती, ती सगळा वेळ आमच्या मजल्याखाली तेल लावून उभी होती. आणि तिच्यापासून वाचण्यासाठी त्यांनी नळीला आटे पाडून घेतले होते.

परीक्षेच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. मंडळींनी अपेक्षेप्रमाणे स्वागत केलं.

"हँडबॅग घरी विसरलास का?"

"लिपस्टिक कुठली लावली आहेस?"

"लिपस्टिक नाही लावली," घरमालक म्हणाले. "तिनं तुम्हा सगळ्यांना हरवलं तेव्हा लावली होती का?"

पळत्या डुकराच्या चित्रावर पाच गोळ्या, चार आत. मुख्याध्यापकांनी मान डोलावून नाव लिहिलं. ज्यानं हँडबॅगची चौकशी केली होती त्याच्या पाचांपैकी तीन बसल्या. तेवढ्यावर त्यालाही मचाण मिळालं, कारण किमान तीनच लागत. किमान म्हणजे पुरेसं, असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं, पण त्याचा तसा समज असावा.

मचाण मिळालं, पण कुत्री नाही. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं. जिला हाक कुठून आली कळत नाही, ती कुत्री रस्त्याकडेच्या मचाणाखाली बसवता येणार नाही. घरमालकांनी वाद घातला नाही. हाक्याच्या सकाळी ते हिरवा कोट घालून एकटेच निघाले आणि कुत्री आमच्याकडे वर आली. ती सकाळभर दाराशी बसून होती.

दुपारी फोन वाजला. बायकोनं घेतला.

"फ्राऊ नाखबारिन, तुमचे बूट पक्के आहेत ना?" घरमालक विचारत होते.

एका शिकाऱ्याच्या गोळीनं डुक्कर नीट न लागता जखमी झालं होतं आणि फर नावाच्या सूचिपर्णी झाडांच्या दाटीत घुसलं होतं. माग काढणारा मंडळाचा नेहमीचा कुत्रा रानाच्या दुसऱ्या टोकाला अशाच एका कामात होता. अंधार पडायच्या आत जनावर सापडलं पाहिजे, नाहीतर ते रात्रभर तळमळत मरणार. त्यासाठी नाक लागतं, कान नाही. नाक आमच्या दाराशी बसलेलं होतं. अडचण एवढीच, की माग लागला की ही कुत्री दहा मीटरची कातडी दोरी जीव खाऊन ओढते, आणि घरमालकांच्या खांद्याला ते झेपणार नव्हतं.

"दुसऱ्या कुणाच्या हातात ती चालणार नाही," ते म्हणाले. "तुमच्या चालेल."

बायकोनं फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. घरात अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात उकडणारी बाई.

"रक्त असेल का हो?"

"असेल. त्याच्याच मागे जायचं असतं."

तिनं बूट घातले.

मी आणि सासरे गाडीच्या रस्त्यावर थांबलो, कारण आम्हाला पुढे येऊ दिलं नाही. पुढे कुत्री, दोरीच्या दुसऱ्या टोकाला माझी बायको, तिच्या बाजूला साडेसहाची बंदूक घेऊन घरमालक, मागे मुख्याध्यापक. झाडीत शिरताना बायकोचा आवाज तेवढा येत होता, "चल गं बाई, चल... अगं हळू! मला पाडशील!" मुख्याध्यापकांनी नंतर मला विचारलं, ही शिकारीतली कोणती परिभाषा.

खूप वेळ गेला, असं मला वाटलं. सासऱ्यांना तसं वाटलं नाही, ते गाडीत डुलक्या घेत होते. मग झाडीतून गोळीचा आवाज न येता घरमालकांची आरोळी आली. डुक्कर सापडलं होतं, मेलेलं. कुत्री त्याच्याशेजारी बसून त्याच्यावर आपला हक्क सांगत होती.

शिकाऱ्यांची रीत अशी, की जनावर सापडलं की मंडळाचा प्रमुख टोपीवर फरची छोटी डहाळी ठेवून माग काढणाऱ्याला देतो. डुक्कर रस्त्यावर आणल्यावर मुख्याध्यापकांनी सवयीनं ती घरमालकांपुढे धरली. घरमालकांनी ती घेतली नाही. माझ्या बायकोकडे बोट केलं. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत काटक्या, हाताला दोरीचा वळ. तिनं देवळात अंगारा घेतात तशी दोन्ही हातांनी डहाळी घेतली, मोडून अर्धी कुत्रीच्या गळपट्ट्यात खोचली आणि अर्धी स्वतःच्या कोटाला. असंच करायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरमालकांनी टोपी काढली. संध्याकाळी मुख्याध्यापकांनी जाहीर केलं, की पुढच्या वर्षापासून जखमी जनावरांच्या मागावर कुत्री, माझी बायको आणि घरमालक ही तुकडी असेल, आणि घरमालकांनी मचाणाच्या यादीतून स्वतःचं नाव काढायला सांगितलं.

ज्याच्या गोळीनं हा सगळा खटाटोप करावा लागला तो, हँडबॅगवालाच, जेवणाच्या वेळी माझ्या टेबलाशी आला. मी आणि बायको बटाट्याच्या सॅलडमधून डुकराच्या चरबीचे तुकडे वेगळे करत होतो.

"तुम्हीच ना ते आकडेवाले? माझी बंदूक फार धक्का देते. मलाही ब्रेक लावायचाय. तुमचा सल्ला काय?"

"चाळीस टक्के कमी होतो धक्का," मी म्हणालो. "तुमच्या शेजारी कोण बसतं?"

"कुणी नाही. कुत्रा नाही माझ्याकडे. फक्त बायको येते कधीकधी, माझ्यासोबत बसायला."

"मग तिला विचारा," माझी बायको जर्मनमध्ये म्हणाली. "आता विचारा. अजून ऐकू येतंय तोवर."